गाठीतलं जनेल

भाद्रपद जवळ आला की माझी मान आपोआप खाली जाते. देवापुढे नव्हे, रस्त्याकडेच्या झुडपांकडे. बसथांब्यावर उभी असले, की मागच्या दगडी गडग्यावरून झुकलेली रानमोडीची एखादी फांदी मी हातात धरते आणि शेंड्यापासून खाली बोट फिरवत जाते. कुठे पेर फुगलंय का, फुगलं असेल तर त्या फुगवट्यावर बारीकसा गोल डाग दिसतो का. एकदा म्हापशाच्या स्टँडमागे मी अशी वाकलेली असताना चवथीचा, म्हणजे गणपतीचा, बाजार घेऊन निघालेल्या एका बाईंनी कानातलं पडलं का म्हणून विचारलं, आणि मी काही सांगायच्या आत तोरंजनाच्या फळांची पिशवी खाली ठेवून माझ्याबरोबर गवतात शोधायलाही लागल्या. मी माशी शोधतेय, असं सांगायचा धीर झाला नाही. शेवटी कानातलं सापडल्याचं खोटं सांगून मी त्यांची सुटका केली.

रानमोडी ज्याने पाहिलेली नाही असा माणूस पेडण्यात किंवा डिचोलीत सापडायचा नाही, पण नाव ठाऊक नसलेले पुष्कळ सापडतील. पावसानंतर कमरेला लागणारं, दिवाळीनंतर डोक्यावर जाणारं, पांढुरक्या जांभळ्या फुलांनी डोंगरच्या डोंगर झाकणारं ते झुडूप. कुठल्या तरी दूरच्या मुलखातून आलं आणि इथलंच होऊन बसलं. पान चुरगळलं की एक उग्र वास येतो, तो हाताला दिवसभर राहतो. एक फांदी तोडली की त्या जागी चार फुटतात. फुलांची म्हातारी होऊन वाऱ्यावर उडते आणि जिथे मातीचा कण असेल तिथे रुजते. शिमग्याच्या सुमाराला सगळं वाळून खडखडीत होतं, आणि मग एक पेटती विडी पुरते. तिच्या खाली दुसरं काही वाढत नाही. ज्याने कुणी तिला रानमोडी म्हटलं, त्याने विचार करून म्हटलं असणार.

आमचं घर डोंगराच्या पायथ्याशी, इतकं चिकटून की मागच्या खोलीचं जनेल उघडलं तर हात बाहेर काढून डोंगराला लावता यावा. खिडकीला आमच्याकडे जनेलच म्हणतात. डोंगर काजूचा, आजोबांनी लावलेला. लहानपणी त्याच्यावर पायवाट होती, वर एक सपाट चिरा होता, त्यावर बसून आई काजूचे बोंडू पिळायची आणि खाली पेडण्याच्या बाजूची शेतं दिसायची. आई गेल्यानंतर कुणी वर बसायला गेलं नाही. रानमोडी आधी चिऱ्यापाशी आली, मग वाटेत उतरली, मग घराच्या मागच्या भिंतीला येऊन टेकली. काजूची बी पिकून खाली पडते. खाली रानमोडी असेल तर ती पडलेली बी शोधायची म्हणजे नाकी नऊ येतात. एका चैत्रात वणवा लागला आणि घराजवळचे दोन जुने काजू उभ्याउभ्या जळले. तेव्हापासून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डोंगराची धास्तीच बसली.

आबांचे गुडघे तोवर गेलेले होते. मजूर मिळायचे दिवसही गेलेले. जे मिळत ते किनाऱ्याकडच्या बांधकामांवर जात, तिथे डोक्यावर छप्पर असतं आणि विंचू नसतात. त्यामुळे दर वर्षी पौषात कोयता माझ्या हातात यायचा. सकाळी मी कापायचे, आबा खाली खुर्ची टाकून बसायचे आणि कुठे राहिलं ते काठीने दाखवायचे. त्यांना नेहमी काही तरी राहिलेलं दिसायचं. एकदा कोयता निसटला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याखाली चांगलाच लागला. आबा गुडघे विसरून धावले, रानमोडीचाच पाला तोडला, तळहातावर चोळला आणि जखमेवर दाबून धरला. रक्त लगेच थांबलं. आमचं नातं असं आहे तिच्याशी, तिच्यामुळे कापून घ्यायचं आणि तिच्याचकडे औषधाला जायचं. तो वण अजून आहे.

मी तेव्हा साखळी गावच्या एका हायर सेकंडरीत प्राणिशास्त्र शिकवत होते, लेक्चर बेसिसवर. हे दोन शब्द गोव्यातल्या माझ्या वयाच्या पुष्कळ जणांच्या कपाळावर लिहिलेले आहेत. जूनमध्ये बोलावतात, मार्चमध्ये निरोप देतात, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही हे देवाला माहीत. सकाळची बस पकडायची, म्हापशाला बदलायची, डिचोलीच्या अलीकडे खाणींचे लाल ढिगारे लागायचे. त्या ढिगाऱ्यांवरही रानमोडीच. खाणी बंद पडल्या, ट्रक गेले, माणसं गेली. ही तेवढी राहिली. मी खिडकीतून तिच्याकडे बघायचे आणि मनात यायचं, बाई, तुला तरी कुठेही जाता येतं. घरी परतले की डोक्यावरून मोपा विमानतळाचं विमान जायचं. आबा वर बघून म्हणायचे, सगळी वरनं जातात. त्यात कौतुक होतं की टोमणा, मला कधी कळलं नाही.

मला आबांचा राग यायचा, हे सांगून टाकते. ते कठोर होते म्हणून नव्हे. कठोर असते तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. ते सकाळी माझ्या आधी उठून चहा करायचे, पाववाल्या पोदेराची वाट बघत दारात उभे राहायचे आणि माझ्यासाठी गरम पोळी, म्हणजे कोंड्याचा पाव, घेऊन फडक्यात गुंडाळून ठेवायचे. अशा माणसाला सोडून कसं जायचं? घरातल्या घरात माझा जीव गुदमरायचा आणि त्याचं खापर फोडायला हाताशी एक डोंगर तेवढा होता.

मॅडम या सगळ्यात शिरल्या त्या एका व्याख्यानाच्या निमित्ताने. आमच्या शाळेत मुलांना त्या तणांवरच्या कीटकांबद्दल सांगायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, पायात पावसाळी बूट, बोलताना समोरच्याच्या पेनाशी खेळायची सवय. परदेशातून आलेलं झाड इथे माजतं कारण त्याचे शत्रू त्याच्या मुलखात मागे राहिले. त्या शत्रूंतला एखादा नीट पारखून इथे आणायचा, असा त्यांचा धंदा. रानमोडीसाठी एक माशी आहे म्हणाल्या. व्याख्यानानंतर मी त्यांना आमच्या डोंगराबद्दल सांगितलं, आणि पाऊस सुरू होता होता त्या स्वतःच आमच्या घरी आल्या. मागची बाजू हिंडून बघितली, चहा घेतला, आणि जाता जाता मला म्हणाल्या की बंगलोरला त्यांच्या प्रयोगशाळेत ह्या माश्या वाढवायला माणूस हवं आहे, कायमचं, दिवाळीनंतर रुजू व्हायचं, तू ये.

आबा तिथेच होते. त्यांनी कपबशी खाली ठेवली. ते मॅडमशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले.

"डोंगर मोकळो होऊ दे, मगे जा."

मला ते तेव्हा रास्त वाटलं. इतकंच नव्हे, आनंदच झाला. पहिल्यांदाच कुणी माझ्या सुटकेला काही तरी अट घातली होती, आणि अट पुरी करता येते. मॅडम काही तरी सांगायला गेल्या, इतक्या लवकर होत नसतं वगैरे. मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

माश्या आल्या त्या माश्या म्हणून नाहीच. आल्या त्या फांद्या. मॅडमच्या गाडीतून जाळीच्या पिशवीत रानमोडीच्या कापलेल्या फांद्या उतरल्या आणि आबा हसले; डोंगर भरलेला असताना हिने आणखी आणली. त्या फांद्यांच्या पेरांवर हिरवे फुगवटे होते, मधे जाड आणि दोन्हीकडे निमुळते. आत अळी. माशी कोवळ्या शेंड्यात अंडी घालते, अळी आत शिरते, आणि झाड बिचारं तिच्याभोवती गाठ बांधतं. वाढायचं सोडून अळीचं घर बांधण्यात झाडाची शक्ती जाते. शेंडा खुंटतो, फुलं कमी धरतात. असं फांदीमागून फांदी झालं तर झाड हळूहळू नमतं. आम्ही त्या फांद्या पाण्याच्या बाटल्यांत उभ्या करून मागच्या भिंतीपलीकडच्या झुडपांत ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून बाटल्यांना ग्रीस फासलं. मॅडमनी एकच सांगितलं, एवढ्या पट्ट्यात यंदा कोयता लावायचा नाही. आबांना तिन्ही त्रिकाळ जनेलातून तो पट्टा दिसायचा आणि हात शिवशिवायचे.

माशी मी पहिल्यांदा पाहिली ती पावसाच्या उघडिपीत. घरमाशीहून लहान, पंखांवर काळे पट्टे, बसली की पंख जरा पसरून ठेवायची, लुगडं वाळत घातल्यासारखे. दिसायला इतकी किरकोळ की हिच्यावर डोंगर सोपवला हे कुणाला सांगायची लाज वाटावी. पण माझ्या मनात राहिली ती माशीची नाही, गाठीची गोष्ट. मॅडमनी एक गाठ उभी चिरून दाखवली होती. माशीला चावायला तोंड नसतं. गाठीत जन्मली तरी भिंत फोडून बाहेर येणं तिच्या हातचं नाही. म्हणून झोपी जाण्याआधी अळीच आतून भिंत कुरतडत नेते, आरपार नाही, अगदी शेवटचा पापुद्रा ठेवते. बाहेरून तो बारीक गोल डाग दिसतो. पुढे माशी झाली की नुसतं डोकं लावून तो पापुद्रा ढकलते आणि निघून जाते. ज्या अळीने तेवढं करून ठेवलं नाही, तिची माशी आतच राहते.

आबांनी ते ऐकलं आणि म्हणाले, म्हणजे जनेल. ती आधीच जनेल पाडून ठेवता. मॅडमना तो शब्द फार आवडला, त्या नंतर आमच्याशी बोलताना तोच वापरायच्या.

वाड्यावर बातमी पसरायला वेळ लागला नाही. पोरीने कीड आणून सोडली. रानमोडी संपली की ती काजूवर चढणार, मग आंब्यावर, मग वाडीतल्या मिरचीवर. येईल तो विचारायचा आणि मी मॅडमचं उत्तर पाठ म्हणायचे, की ही माशी रानमोडीशिवाय कशावरच जगत नाही, आणण्याआधी तिला इतर झाडांवर ठेवून बघतात, ती मरते पण खात नाही. आबांनी ते उत्तर पुष्कळदा ऐकलं असेल. एकदा संध्याकाळी पेज जेवताना त्यांनी मधेच विचारलं,

"म्हणजे उपाशी मरतली, पण दुसऱ्या झाडार बसूची नाय?"

नाय, मी म्हटलं. त्यांनी ताटातल्या लोणच्याची फोड बराच वेळ इकडून तिकडे केली. मला वाटलं, त्यांचं समाधान झालं. आज वाटतं, त्या माशीशी त्यांनी आपलं नातं जोडलं असावं. एकाच डोंगरावर, एकाच घरात, एकाच लेकीवर जगणारा माणूस तो.

त्या वर्षी चवथ उशिरा होती. श्रावण सरता सरेना. घरात कपडे वाळत नव्हते, मिठाला पाणी सुटत होतं, जनेलाच्या फळ्या फुगून घट्ट बसल्या होत्या. मागच्या खोलीतलं तेवढं काचेचं जनेल लागत होतं आणि उघडत होतं, पण पावसाचा झोत तिथूनच येई म्हणून तेही बंद. बसच्या वेळा सोडल्या तर मी त्या काचेला नाक लावून असायचे. रानमोडी माझ्या डोळ्यांदेखत वाढत होती. आणि मग एका दिवशी, आम्ही आणलेल्या नव्हे तर डोंगराच्या स्वतःच्या फांदीवर, मला एक गाठ दिसली. मग दुसरी. मग तो सगळा पट्टाच गाठींनी भरत गेला. मी पावसात भिजत एकेक गाठ चाचपून आले. माझा जीव त्या फांद्यांवर टांगलेला होता, हे सांगायला मला संकोच नाही. त्या गाठी माझं तिकीट होत्या. मी आबांना हाताला धरून जनेलापाशी आणलं आणि दाखवलं. ते बघत राहिले. चांगला आसा, म्हणाले, आणि आत निघून गेले.

आता माटोळीबद्दल सांगायला हवं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला केवणीच्या सालीने डोंगरातली फळं, पानं, शेंगा बांधायच्या, ही आमच्याकडची रीत. नारळ, सुपारीचा घोस, चिबूड हे बाजारातून येतं. पण कांगलां, माट्टी, कवंडळ, आंबाडे हे हिंडून आणायचं. ज्याच्या माटोळीत दुसऱ्या कुणाकडे नसलेली वस्तू असते, त्याची चर्चा वर्षभर चालते. आमचे शेजारी शांबाकाका आणि आबा यांची त्यावरून जुनी चुरस होती, एकमेकांना पाण्यात पाहण्याइतकी. आबांचे गुडघे गेल्यापासून शांबाकाका जिंकत आले होते. आणि एक नियम असा, की माटोळीला एकदा बांधलेली वस्तू गणपती पाण्यात जाईपर्यंत खाली काढायची नाही. पडली तरी उचलून परत बांधायची.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी मी साखळीहून परतले ती चिबडाच्या वासात. मागच्या खोलीत गणपतीसाठी मेज धुऊन पुसून ठेवलं होतं, वर माटोळी बांधून तयार होती. कवंडळं लाल, आंबाडे हिरवे, आणि त्यांच्या मधोमध, सगळ्यांत मानाच्या जागी, रानमोडीच्या फांद्यांची जुडी. पानं काढून टाकलेली. नुसत्या गाठी, माळेसारख्या.

मी जनेलाकडे धावले. पट्टा भादरलेला होता.

आबा खालच्या चौरंगावर बसून केवणीचे उरलेले बंद गुंडाळत होते. काय सुरेख दिसतात मां, म्हणाले. चूक झाली असणार, दुसरं काय? म्हाताऱ्या माणसाला डोंगरात जाता येत नाही, हाताशी असलेली नवलाईची वस्तू त्यांनी देवाला लावली. यात कुणावर रागवायचं? काढताही येत नव्हत्या. सकाळी गणपती बसला, समई लागली, आणि माझी दिवाळी माझ्या डोक्यावर टांगलेली राहिली.

लोक यायचे, आरती करायचे, वर बघायचे. शांबाकाका आले आणि त्यांची मान वरच अडकली.

"भाऊ, ह्या खयचा फळ? माझ्या जल्मात बघूक नाय."

आबा नुसते हसले. एरवी त्या हसण्यासाठी मी नवस बोलले असते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, पुऱ्या अशा लाटल्या की एकही धड निघाली नाही. मनात हिशेब चालू होता. ज्या गाठींना डाग पडला आहे त्यांतल्या माश्या निघतील. ज्यांना पडला नाही, त्या फांदीबरोबर आत सुकतील. आणि निघतील त्या तरी कुठे निघतील? बंद खोलीत.

तसंच झालं. गणपती घरात असतानाच, एका दुपारी, बाहेर आडवा पाऊस लागलेला असताना, मी समईत तेल घालायला गेले आणि काचेवर काही हललं. पट्ट्यापट्ट्यांचे पंख. एक, तिच्या खाली आणखी एक. वर पाहिलं तर एका गाठीच्या डागातून डोकं बाहेर येत होतं, अगदी सावकाश. ती निघाली, गाठीवर बसून तिने पंख सरळ केले आणि उजेडाकडे उडाली. उजेड म्हणजे काच. काचेच्या पलीकडे हातभर अंतरावर तिचं झाड, तिच्या जन्माचं अन्न, आणि ती काचेवर डोकं आपटत खाली घसरते, परत वर चढते, परत घसरते. गाठीतून सुटायची तयारी तिच्या अळीने केली होती. ह्या काचेची तयारी कुणीच केली नव्हती.

जनेल उघडायचं तर वारा थेट समईवर येणार. गणपती घरात असेपर्यंत आमच्याकडे समई विझू देत नाहीत. आई गेली त्या वर्षीसुद्धा विझू दिली नव्हती. मी हातात तेलाची वाटी घेऊन मधेच उभी. आणि मला रडू आलं. मोठ्याने नाही, पण येतच राहिलं. आबा दारात कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, मग काचेकडे बघत राहिले. एक माशी खाली पडली होती, उताणी, पाय हलवत.

"माका म्हायत होता गो बाय," आबा म्हणाले. "त्या गाठींत काय आसा ता."

मी विचारलं, मग तोडलंस कशाला?

ते जमिनीवर बसायला गेले, गुडघ्यांनी बसू दिलं नाही, मेजाची कड धरून तसेच वाकलेले राहिले.

"डोंगर मोकळो झालो काय मगे तुका काय सांगून घरात ठेवतलंय मी?"

मला वाटलं होतं, असं काही कळलं तर मी आकाशपाताळ एक करीन. प्रत्यक्षात मला फक्त त्यांचा हात दिसला. मेजाच्या कडेवर घट्ट धरलेला, नखांत अजून रानमोडीचं हिरवं. किती दिवस ते त्या जनेलातून गाठी वाढताना बघत असतील, मी आनंदाने बघत होते तेव्हाच, माझ्या शेजारी उभे राहून. आम्ही दोघं एकाच काचेच्या आत होतो आणि मी इतकी वर्षं समजत होते की ते बाहेर आहेत.

मग आबांनी कोपऱ्यातला जेवणाचा पाट उचलला, समईपुढे उभा केला, स्वतः त्याच्या मागे सरकले आणि धोतराचा सोगा दोन्ही हातांनी पसरून ज्योतीला आडोसा केला.

"समई मी बघतंय. तू जनेल उघड."

चौकट ओली होती, जोर लावावा लागला. उघडलं तसा पाऊस आत आला, माझा चेहरा, माटोळी, आबांची पाठ, सगळं भिजलं. ज्योत आडवी झाली, निळी झाली, पण राहिली. मी पडलेली माशी बोटावर घेतली आणि हात बाहेर काढला. ती जरा वेळ तिथेच बसली. मग पाऊस थोडा निवळला आणि ती रानमोडीत गेली. तिच्या मागून बाकीच्या. उरलेल्या दिवसांत आम्ही पाळी लावल्यासारखे दुपारचे त्या खोलीत बसायचो, एक पाटामागे आणि एक जनेलाशी. आबा वर बघून सांगायचे, थय बघ, आणखी एक येता.

डोंगर मोकळा झाला नाही. दिवाळी आली तेव्हा रानमोडी माझ्या डोक्याच्या वर होती आणि फुलायला लागली होती. भादरलेल्या पट्ट्यात एकाला चार फुटलेले होते, त्यांतल्या काहींवर गाठी होत्या, फार नाहीत. मी तशीच गेले. बस सुटताना आबा डोंगराकडे पाठ करून उभे होते, म्हणजे मला तो दिसू नये अशा बेताने. पण डोंगर काही एका माणसाच्या पाठीमागे मावत नाही.

आता मी बंगलोरला जाळीच्या पिंजऱ्यांत माश्या वाढवते. कुठे कुठे पाठवायच्या त्या फांद्या मीच बांधते. लोक फोन करून विचारतात की रान साफ कधी होईल, आणि मॅडमना जे मी तेव्हा बोलू दिलं नव्हतं ते आता मला बोलावं लागतं. साफ होत नाही. झाड राहतं, माशीही राहते, दोघं एकमेकांना धरून राहतात. फक्त झाडाचा माज उतरतो, फुलं विरळ होतात, आणि कधी तरी मधून वाट दिसायला लागते. हे ऐकून बहुतेक जण नाराज होतात. मला त्यांचा राग येत नाही, मीही कधी तरी तारीखच मागितली होती. पिंजऱ्यांत दिवसभर राहून संध्याकाळी बाहेर पडले की कधी कधी आपण कुठून सुटून कुठे येऊन बसलो असं वाटतं. मग मी घरी फोन करते. आबा डोंगराची हकिगत सांगतात, स्वतःची नाही.

यंदा चवथीला गेले तेव्हा मागच्या खोलीचं जनेल सताड उघडं होतं. पाऊस आत येत होता, जमीन ओली, समईपुढे तोच पाट उभा. वर माटोळीत कांगलांच्या शेजारी रानमोडीची एकच काटकी बांधलेली. मी स्टूल ओढून वर चढले आणि बघितलं. प्रत्येक गाठीला भोक होतं, आत काही नव्हतं. सगळ्या गेल्यावरच तोडतंय, आबा खालून म्हणाले. शांबाकाकांना अजूनही ते फळच वाटतं आणि आबांनी अजूनही सांगितलेलं नाही. डोंगर होता तसाच आहे, पण चिऱ्यापर्यंत जाता येतं असं म्हणाले. ते स्वतः गेले नव्हते, शांबाकाकांच्या सुनेने जाऊन पाहिलं होतं.

मी जनेल बंद करायला गेले. आतून आता कुणीच निघायचं नव्हतं आणि मेजाचा पाय भिजत होता.

"आसू दे उघडा," आबा म्हणाले.

भिजतंय सगळं, मी म्हटलं.

"भिजू दे. कोणाक भायर जावचा आसला तर?"

मी फडकं आणून जमीन पुसून घेतली आणि जनेल तसंच राहू दिलं.